टिपणीसांचं पिकतं कापड

टिपणीसांची पँट उभी राहायची. आत टिपणीस नसतानाही उभी राहायची. आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेला माणूस तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे बघून एकदा तरी दचकायचा, कारण तिथे कठड्याला टेकून कमरेपासून खालचा एक गृहस्थ ऊन खात उभा असायचा. आम्ही जुने लोक दचकत नसू. आम्हाला माहीत असायचं, की ती पँट मागच्या दिवाळीपासून पाण्याला लागलेली नाही. टिपणीस ही गोष्ट लपवतही नसत. जिन्यात भेटलेल्या गॅसवाल्यालासुद्धा आपणहून सांगत.

"धुवायची घाई नाही, बापट," ते मला म्हणायचे. "कापड पिकतंय."

बापट म्हणजे मी. टिपणीसांच्या खालच्या मजल्यावर राहतो, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरी करतो आणि माझ्या पँटी दर रविवारी धुतल्या जातात. वसंत टिपणीस माझे शेजारी आहेत यात माझा काडीचा दोष नाही. सोसायटीने चिठ्ठ्या टाकून फ्लॅट वाटले होते. चिठ्ठी निघाली तेव्हा वर मराठी कुटुंब आलं म्हणून मी पेढे वाटले होते, हे आठवलं की आजही माझं डोकं भणभणतं.

त्या वेळी ते चारचौघांसारखे टेरिकॉटचे शर्ट घालत, गाझियाबादच्या एका कारखान्यात इंजिनीअर होते, आणि बोलायलाही बरे होते. मग देशाची दारं उघडली, परदेशी कंपन्या आल्या. नोएडात जपानी भागीदारीचा एक कारखाना निघाला, टिपणीस तिथे लागले आणि कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी जपानला धाडलं. लोक परदेशातून टेपरेकॉर्डर आणत, कॅमेरे आणत. टिपणीस परत आले ते कामगारांच्या जुन्या वळणाच्या कपड्यांनी भरलेली बॅग घेऊन. कस्टमवाल्याने बॅग उघडली आणि काही न बोलता बंद केली म्हणे. त्याला त्यांची दया आली असावी, असं आमच्या मंगलचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मत आहे.

जपानात म्हणे ओकायामाच्या बाजूला एक गाव आहे. तिथे लोकांनी जगाने मोडीत काढलेले जुने माग जपून ठेवलेत. त्या मागांवर दिवसभरात थोडंसंच कापड निघतं, पण त्याला दोन्ही बाजूंनी पक्का काठ असतो. मग ते कापड निळीत पुन्हापुन्हा बुडवून पन्नास वर्षांपूर्वीचे कामगार घालत तशा पँटी, तशी जाकिटं, तसे शर्ट शिवतात. हे सगळं मला नको असताना माहीत झालेलं आहे. टिपणीस पँटीचा पाय दुमडून आतला लाल धाग्याचा काठ दाखवत, तेही आमच्या गणपतीच्या आरतीला, "घालीन लोटांगण" चालू असताना.

पहिल्या वेळी ती पँट अंगावर बसवण्याचा एक विधी असतो. भर मे महिन्यात त्यांनी गच्चीत प्लास्टिकचा मोठा टब ठेवला, त्यात कढत पाणी ओतलं आणि पँट घालून आत बसले. चौकीदार धावत माझ्याकडे आला, की ऊपरवाले साहब की तबीयत ठीक नहीं है. मी गच्चीवर गेलो तर टिपणीस टबात मांडी घालून वर्तमानपत्र वाचत होते. नंतर ती ओली पँट अंगावरच वाळवायची असते, आणि वाळेपर्यंत चालत राहायचं असतं. ते चालत चालत आमच्या घरी आले आणि बोलण्याच्या भरात सोफ्यावर बसले. आमच्या फिक्या सोफ्यावर टिपणीसांचा निळा ठसा आजही आहे. मंगलने गादी उलटी करून घातली, पण पाहुण्यांना मी ती उचलून दाखवतो. माझ्या छळाचा काहीतरी पुरावा हवा.

नोएडात पहिले मॉल उघडले तेव्हा मी त्यांना घेऊन जायची चूक केली. एका चकचकीत दुकानात जीन्स टांगल्या होत्या, गुडघ्यावर आधीच फाटलेल्या आणि मांड्यांवर पांढुरक्या केलेल्या. टिपणीस एक पँट हातात घेऊन विक्रेत्यासमोर उभे राहिले.

"ये घुटना किसका है?" त्यांनी विचारलं.

विक्रेता म्हणाला, सर, फॅशन है. टिपणीस म्हणाले, ते मला कळतंय, पण हा गुडघा नेमका कोणाचा टेकला, कशासाठी टेकला, हे सांगा. विक्रेत्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरलाही गुडघ्याचा मालक सांगता आला नाही. मी शेजारच्या दुकानात जाऊन विनाकारण मोजे विकत घेतले. घरी येताना ते गाडीत पूर्ण वेळ बोलत होते, की माणूस ज्यात जगलाच नाही, त्याचं जुनेपण खोटं, बापट, बिल्कुल खोटं.

या सगळ्यात नलिनीवहिनी कशा टिकल्या, हे मला न सुटलेलं कोडं आहे. त्या हसायच्या. "माझं लग्न कपडे वाळत घालायच्या दांडीशी झालंय," असं म्हणायच्या आणि त्यांच्या शर्टाच्या कोपराला ठिगळ लावायच्या. पण मुलीला, केतकीला, हसू येत नसे. कॉलेजात असताना तिने वडिलांच्या वाढदिवसाला त्यांची लाडकी पँट कौतुकाने साबणात भिजवून धुतली आणि खाली कडुनिंबाखालच्या प्रेसवाल्याकडून इस्त्री करून आणली. प्रेसवाल्याने जीव ओतून सुरीसारखी घडी पाडली होती. टिपणीसांनी ती घडी पाहिली आणि वाढदिवसाच्या दिवशी मुलीवर असे ओरडले, की खाली आमच्याकडे सगळं स्वच्छ ऐकू आलं. पुढची वर्षं माझ्या डोळ्यांसमोर गेली आहेत. त्या दिवसानंतर केतकी वडिलांशी कामापुरतं बोलू लागली. बाबांना माणसांपेक्षा कपडे प्रिय आहेत, असं ती मंगलला म्हणाली होती, आणि मंगलला तिची समजूत घालता आली नव्हती.

केतकीचं लग्न झालं, ती बंगळुरूला गेली. तिच्या रिकाम्या खोलीत टिपणीसांनी दांड्या ठोकल्या. मग नलिनीवहिनी आजारी पडल्या आणि थोड्याच महिन्यांत गेल्या. वहिनी गेल्यावर हा माणूस सुधारेल, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आता त्यांना ऐकवायला मी एकटाच उरलो होतो. संध्याकाळी दार वाजे, आणि दारात टिपणीस उभे, कुठली तरी शिवण उलटी करून.

मागच्या थंडीत बातमी आली, की केतकीला दिवस गेलेत. टिपणीस वरून धावत खाली आले, आणि त्या दिवशी प्रथमच कपड्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. केतकीने धरलं नव्हतं. तिची सासू नागपूरची, प्रेमळ, हाताशी दोन बायका. केतकी फोनवर म्हणाली, "आई असती तर आले असते, बाबा. आता तिथे माझं कोण करणार? तुमच्या पँटी?"

हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, अगदी शब्दशः. सांगून झाल्यावर ते आमच्या सोफ्यावर, आपल्याच निळ्या ठशाच्या उलट्या बाजूवर, टेकले. मग म्हणाले, की ती पुढच्या शनिवारी येतेय. नवऱ्याला इथे ऑफिसचं काम आहे, तिला फक्त भेटायचं आहे आणि समोर बसून नागपूरचं सांगायचं आहे. "बापट, त्याच्या आत खोली तयार करू या. खोली बघून तिचं मन बदललं तर बघू."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्या खोलीतून ते कपडे जाताना बघायचे होते.

मंगलने मोहीम हाती घेतली. तिने टिपणीसांना बजावलं, की भावोजी, काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते वेगळं करा. देण्यातलं मी आपल्या बर्तनवालीला घालते, तेवढंच एक भांडं होईल. आमच्याकडे शांती नावाची बर्तनवाली येते. जुने कपडे घेते आणि स्टीलची भांडी देते. टिपणीसांनी रात्रभर जागून दोन ढीग केले. एक ढीग खोलीतच पलंगावर ठेवला. दुसरा चादरीत बांधून आमच्या घरी आणून दिला, "हे सांभाळा" म्हणाले, आणि बाळासाठी मच्छरदाणी बघायला बाजारात गेले. मी ऑफिसात होतो.

मंगलने गाठोडं सोडलं. आत विटलेल्या पँटी, कोपराला ठिगळ लावलेलं जाकीट, कॉलर झिजलेला निळा शर्ट. मग ती वर गेली. पलंगावर टेरिकॉटचे जवळजवळ कोरे शर्ट आणि ऑफिसच्या पँटी नीट घड्या घालून ठेवलेल्या. कुठलीही शहाणी बाई जो अर्थ लावेल तोच तिने लावला. कोरे कपडे तिने कपाटात रचले आणि गाठोडं खाली शांतीपुढे नेऊन ठेवलं. टिपणीसांनी जे द्यायला काढलं होतं ते कपाटात गेलं, आणि जे जिवापाड जपायचं होतं ते बर्तनवालीकडे.

शांतीने तर ते घ्यायलाच नकार दिला. बहनजी, यात जानच राहिली नाही, म्हणाली. मंगलही हटणारी नाही. बाळाचं पाणी तापवायला मोठं पातेलं मिळवायचंच, असा तिने निश्चय केला होता. शेवटी तिने वरून माझी एक चांगली पँट टाकली तेव्हा सौदा जमला. म्हणजे टिपणीसांचं सगळं जपानी भांडार माझ्या सरकारी पँटीच्या भरीला गेलं. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मंगल पातेलं घासत होती.

टिपणीस मच्छरदाणी घेऊन आले, पातेल्याचं कौतुक केलं आणि ते कशाच्या बदल्यात आलं हे ऐकलं. मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होतो. मंगलचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि हळू आवाजात विचारलं, "निळा शर्टसुद्धा?"

मंगलने होकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, "बाकीचं जाऊ दे, वहिनी. पातेलं छान आहे. बापट, सकाळी स्कूटर काढाल?"

पश्चिम दिल्लीत पहाटे जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. बर्तनवाल्या आपापली गाठोडी घेऊन तिथे बसतात आणि गिऱ्हाइकं उकरतात. जानेवारीतल्या धुक्यात, यमुनेच्या पुलावर समोरचं काही दिसत नसताना, एका झिजलेल्या शर्टासाठी मी शहराचं दुसरं टोक गाठत होतो. वाटेत मी जे काही बोललो ते हेल्मेटमध्येच राहिलं, हे बरं झालं. मागे टिपणीस त्यांचा तो जाडजूड जपानी स्वेटशर्ट घालून बसले होते.

बाजारात शिरताशिरताच मला त्यांचं जाकीट दिसलं. एक हातगाडीवाला ते घालून पोती चढवत होता. मी टिपणीसांचा हात धरला आणि दाखवलं. म्हटलं, थांबा, मी बोलतो त्याच्याशी. टिपणीसांनी त्याच्याकडे नीट बघितलं, खांदे कसे बसलेत ते बघितलं. मग म्हणाले, "राहू दे. चांगलं बसलंय. कामाचा माणूस आहे, त्याच्या अंगावर पिकेल." आणि पुढे चालू लागले. इतकी वर्षं ज्याच्या शिवणीला मला बोट लावू दिलं नाही, ते जाकीट या माणसाने एका वाक्यात सोडून दिलं. मला अतिशय राग आला. कोणाचा ते सांगता येत नाही.

शांती सापडली. पँटी विकल्या गेल्या होत्या. शर्ट तिच्यापाशीच होता, कारण तो कोणी घेतला नव्हता, आणि तिने त्यात काचेचे पेले गुंडाळले होते. "बहुत मुलायम है बाबूजी," ती म्हणाली, "इसमें गिलास नहीं टूटता. ये मैं नहीं दूँगी." तिला बदल्यात कपडाच हवा होता, तो तिचा धंदा. मी माझा मफलर पुढे केला, तो तिला आवडला नाही. टिपणीसांनी सरळ अंगातला स्वेटशर्ट काढला. हळू चालणाऱ्या यंत्रावर विणलेला, शिवण नसलेला, ज्याच्यावर मी अख्खी दोन व्याख्यानं ऐकली होती, तो. शांतीने तो उलटसुलट करून पाहिला. "ये भी तो पुराना ही है," ती कुरकुरली, पण घेतला.

येताना टिपणीस पातळ सदऱ्यात कुडकुडत होते. शर्ट त्यांनी अंगात घातला नाही, सदऱ्याच्या आत छातीशी धरला. मी स्कूटर थांबवून माझा मफलर त्यांच्या गळ्याला गुंडाळला आणि त्यांना सांगितलं, की तुम्ही पूर्ण वेडे आहात. ते म्हणाले, "अच्छा, चला आता."

शनिवारी केतकी आली. खोली बघितली. दांड्या गेल्या होत्या, मच्छरदाणी लागली होती, भिंतींना रंग दिला होता. दुपारी चहाला आम्ही दोघंही वर होतो. तिने कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं, की बाबा, सगळं छान केलंत, पण मी नागपूरला जायचं ठरवलंय.

"बरं," टिपणीस म्हणाले.

ते उठून आत गेले. येताना त्यांच्या हातात तो निळा शर्ट होता. धुतलेला. साबणाने धुतलेला, उकळत्या पाण्यातून काढलेला, वास येत होता त्याला साबणाचा. दुसऱ्या हातात नलिनीवहिनींची कात्री आणि एक इवलंसं जुनं झबलं. झबलंही निळंच, विटून जवळजवळ पांढरं झालेलं. त्यांनी टेबलावर शर्ट पसरला, त्यावर झबलं मापाला ठेवलं आणि खडूने रेघ ओढली.

कात्री कापडाला लागली तेव्हा ओरडलो तो मी. ज्या शर्टाला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या, त्याच्यासाठी मी खुर्चीतून उठलो. "अहो टिपणीस, थांबा. काय करताय?"

"का?" ते म्हणाले. "पिकलंय."

मग कात्री चालवत, आमच्याकडे न बघता, ते बोलले. "ही झाली तेव्हा आम्ही गाझियाबादला एका खोलीत होतो. आमचं इथे कुणी नव्हतं. तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, टोचतं. लोक आजीचं लुगडं फाडतात, पणजीचं फाडतात. आमच्यापाशी जुनं काही नव्हतंच, दोघांचे सगळे कपडे लग्नातले. एक माझा कारखान्यात घालायचा शर्ट होता, निळा. नलूने तो फाडला. हे त्याचं झबलं." त्यांनी कापडाची घडी फिरवली. "जपानात तसलाच शर्ट टांगलेला दिसला. तीच शिवण. आणला. नलू म्हणाली, आता घालून घालून मऊ करून ठेवा, केतकीच्या वेळी लागेल. बाकीचा सगळा माझा शौक आहे. हा कामाचा होता."

या माणसाने आता मला रडवायचंही ठरवलंय की काय, म्हणून मी चिडलो होतो. मंगल उघडपणे डोळे पुसत होती.

"नागपूरला घेऊन जा," टिपणीस म्हणाले. "चार होतील यात. पाठीचं कापड मोठं आहे."

केतकी उठून टेबलाशी आली. तिने ते जुनं झबलं उचललं, गालाला लावलं आणि पुन्हा मापावर नीट ठेवलं. "काखेत थोडं सैल कापा, बाबा," ती म्हणाली. थोड्या वेळाने, कापडाकडेच बघत, तिने विचारलं, "माझ्या खोलीतला पंखा अजून आवाज करतो का?"

"उद्याच माणूस बोलावतो," टिपणीस म्हणाले, आणि त्यांची कात्री त्या दिवशी प्रथमच रेघ सोडून गेली.

एप्रिलच्या अखेरीस त्या खोलीत केतकीची मुलगी आली. तिचं पाणी आमच्या पातेल्यात तापतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आता पँट उभी नसते, तिथे जागाच नाही. सकाळी सहा वाजता टिपणीस स्वतः दुपटी आणि झबली धुतात, खळाखळा, तीनतीनदा, आणि पुरती न पिळता दोरीवर घालतात. खाली माझी गॅलरी आहे, आणि माझी चहाची वेळ तीच. ज्या माणसाने कपडे धुवावेत म्हणून मी इतकी वर्षं रक्त आटवलं, त्याच्या धुण्याचं पाणी आता रोज माझ्या कपात ठिबकतं. मी वर तोंड करतो, एक निळं झबलं दिसतं, आणि मी खुर्ची थोडी आत ओढून घेतो.